वाट दाखवणारा स्टिरिओ निवडताना

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात नेव्हिगेशनवाला स्टिरिओ मागितला, की काउंटरवर निरनिराळ्या जातींची खोकी येऊन पडतात. एक असते नावाजलेल्या जपानी कंपनीचे, सात इंची पडद्याचे. दुसरे नऊ किंवा दहा इंची, अँड्रॉइडवर चालणारे, किमतीला बरेच स्वस्त आणि पडद्यावर रंगांची उधळण करणारे. क्वचित एखाद्या दुकानात एसडी कार्डावर नकाशा भरून दिलेला जुन्या पद्धतीचा सेटही निघतो. ‘नेव्हिगेशन’ मात्र सगळ्या खोक्यांवर ठळक छापलेले असते. गिऱ्हाईक पडदा किती इंची ते विचारते, रॅम विचारते, किमतीत घासाघीस करते आणि गाडी फिटरच्या हवाली करते.

विचारायचे राहून जाते ते वेगळेच. नकाशा नेमका कुठे साठवलेला आहे: स्टिरिओत, फोनमध्ये, की इंटरनेटच्या पलीकडे? गाडी या घडीला कुठे आहे, हे कोणाचा अँटेना ठरवतो? आणि एखादा रस्ता वळवला, पूल बंद झाला, तर ती खबर या पडद्यापर्यंत कोण पोचवणार? हे तीन प्रश्न आधी सोडवले, तर इंच आणि जीबी यांचा हिशेब आपोआप जागेवर येतो. उलट क्रमाने गेले, तर दहा इंची पडद्यावर चुकीचा रस्ता फक्त मोठा दिसतो.

मोटारीत नकाशा बसवण्याची धडपड उपग्रहांच्या आधीची आहे. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ नावाचे यंत्र विकायला आणले. त्याचा उपग्रहाशी काहीही संबंध नव्हता. हेलियम वायूवर चालणारा जायरोस्कोप गाडी किती वळली ते ओळखायचा, चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजले जायचे आणि पडद्यावर बसवलेल्या पारदर्शक नकाशावर गाडीचा ठिपका पुढे सरकायचा. नकाशाची हद्द संपली, की पुढची फिल्म हाताने बदलायची. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ‘इटॅक’ने नकाशे कॅसेटवर भरले. मग १९९० मध्ये पायोनियरने जपानमध्ये ‘एव्हिक-१’ आणला. तो जीपीएस वापरत होता, त्याचे नकाशे सीडीवर होते आणि तो दुकानातून आणून आपल्या गाडीत बसवता येत होता. नाना पेठेतल्या त्या खोक्यांचा हा मूळ पुरुष.

त्या वेळी जीपीएसच्या उपग्रहांचा ताफाही पुरा झालेला नव्हता. ती यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाली १९९५ मध्ये. शिवाय अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकायची. लक्ष्मी रस्त्यासारख्या भागात शंभर मीटरची चूक म्हणजे भलतीच गल्ली. २ मे २००० रोजी ही भेसळ बंद झाली, चूक दहा-वीस मीटरांवर आली आणि नागरी जीपीएसच्या भरवशावर गल्लीबोळातून वाट सांगणे शक्य झाले. भारतापुरते बोलायचे तर राकेश आणि रश्मी वर्मा यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या मॅपमायइंडियाने रस्त्यांचे डिजिटल नकाशे तयार केले. आज अनेक मोटार कंपन्यांच्या मूळ पडद्यांत तेच नकाशे असतात.

आता त्या तीन खोक्यांकडे. पहिल्या, म्हणजे कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो चालवणाऱ्या स्टिरिओत बहुतेक वेळा नकाशाच नसतो. ॲपलने कारप्ले २०१४ मध्ये जाहीर केले, गूगलचे अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये गाड्यांत आले. दोन्हींत सगळे काम फोन करतो. स्टिरिओ त्याचे चित्र दाखवतो, बोटाचा स्पर्श फोनकडे पाठवतो आणि आवाज स्पीकरला देतो. याचा मोठा फायदा असा, की नकाशा कायम ताजा असतो, पुढची वाहतूक कोंडी दिसते आणि पाच वर्षांनी फोन बदलला की नेव्हिगेशनही नवे होते. स्टिरिओ म्हातारा झाला तरी नकाशा म्हातारा होत नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटोसाठी बहुतेक फोनमध्ये अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. जोडणीची ओळख ब्लूटूथवर होते आणि चित्र वायफायवरून जाते, म्हणून फोन झपाट्याने तापतो आणि बॅटरी उतरते. लांबच्या प्रवासाला साधी, चांगल्या प्रतीची यूएसबी केबलच बरी. जोडणी सारखी तुटते अशी तक्रार असेल, तर स्टिरिओला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

दुसऱ्या खोक्यातला अँड्रॉइड सेट म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला टॅबलेट. त्याचा जीपीएस स्वतःचा, ॲप स्वतःची. पण इंटरनेट मात्र त्याला फोनच्या हॉटस्पॉटवरून किंवा वेगळ्या सिमकार्डवरून द्यावे लागते. तिसरा, कार्डावर नकाशा असलेला प्रकार इंटरनेटवाचून बिनधास्त चालतो. पण त्याचा नकाशा छापील पुस्तकासारखा आवृत्तीनुसार जुना होत जातो आणि नवी आवृत्ती वेळच्या वेळी मिळेलच, याची हमी बाजारात फारशी कोणी देत नाही.

ताम्हिणी किंवा वरंधा घाटात फोनची रेंज जाते, तेव्हा काय होते? इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. उपग्रहांचा संकेत थेट आकाशातून येतो, त्याला रिचार्ज लागत नाही आणि टॉवरही लागत नाही. रेंज लागते ती नकाशा आणायला. म्हणून गाडीचा ठिपका बरोबर सरकत राहतो, पण त्याच्याखालची जमीन कोरी होते. उपाय सोपा आहे. गूगल मॅप्समध्ये २०१५ पासून एखादा भाग आधी उतरवून ठेवून इंटरनेटशिवाय वाट विचारता येते. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड ही ॲप तर मुळातच उतरवलेल्या नकाशांवर चालतात. निघण्याआधी घरच्या वायफायवर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग उतरवून घेतले, की कोकणात जाणाऱ्याला कार्डावरच्या नकाशाची गरज उरत नाही. वाहतुकीची ताजी खबर तेवढी मिळणार नाही.

अँटेना हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. काडेपेटीएवढी काळी डबी, तिला तीनेक मीटरची वायर आणि वायरच्या टोकाला स्क्रूचा पिन. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि तिथून येणारा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. जागा ठरवायला असे किमान चार उपग्रह एकाच वेळी दिसावे लागतात. ही डबी फिटरने घाईत स्टिरिओच्या मागे, लोखंडी पट्टीखाली कोंबली, की दोन-तीनच उपग्रह कसेबसे सापडतात आणि गाडी उभी असतानाही ठिपका रस्त्यावरून नाल्यात, नाल्यातून शेजारच्या सोसायटीत उड्या मारतो. डबीची जागा पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डच्या वरच्या प्लॅस्टिकवर किंवा लगेच त्याच्याखाली. प्लॅस्टिकमधून संकेत जातो, धातूतून जात नाही. काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म लावली असेल, तर तीही अडवते. डबीसोबत एक लहान धातूची चकती येते. ती टाकून द्यायची नसते, डबीच्या खाली चिकटवायची असते. स्वस्तातला डॅशकॅम किंवा सिगारेट लायटरच्या खोबणीत घालायचा चार्जर यांचा विद्युत गोंगाट जीपीएसला आणि एफएमलाही त्रास देतो. म्हणून त्यांच्या वायरी या डबीपासून हातभर लांब ठेवाव्यात.

फोनवर चालणारा स्टिरिओ घेणाऱ्याला वाटते, की आपल्याला या डबीशी काय देणेघेणे. पण कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या दोन्हींत स्टिरिओला स्वतःची जागा आणि वेग फोनकडे पाठवण्याची सोय आहे. स्टिरिओचा अँटेना नीट बसवलेला असेल, तर फोन खिशात किंवा बॅगेत असूनही ठिपका स्थिर राहतो. अँटेना भिकार असेल, तर चांगल्या फोनचा नकाशाही बिघडतो आणि दोष फोनच्या माथी मारला जातो. खरेदी करताना म्हणूनच विचारावे, की या मॉडेलला बाहेरचा जीपीएस अँटेना आहे का आणि तो खोक्यातच येतो का.

तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्यांचा एक रोजचा अनुभव याच भागातला आहे. सकाळी गाडी रॅम्पवरून बाहेर येते, पहिला चौक येतो, तरी पडद्यावर गाडी काल रात्रीच्या जागीच उभी. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. ती पुरी ऐकायला साधारण अर्धा मिनिट लागते, आणि काही तासांनी ती शिळी होते. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळवतो. इंटरनेट नसलेल्या स्टिरिओला ती आकाशातूनच ऐकावी लागते आणि मधे उंच इमारत आली, की पुन्हा पहिल्यापासून. गाडी बाहेर आल्यावर अर्धा-एक मिनिट लागले तर यंत्रात दोष नाही. रोज पाच-दहा मिनिटे लागत असतील, तर अँटेनाची जागा बदलायला हवी.

बोगद्यात मात्र कोणताच अँटेना कामाचा नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याचा मलबार हिलखालचा बोगदा दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. ताशी साठच्या वेगाने तो पार करायला दोन मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ आकाश दिसत नाही. बोगद्याच्या आत वाट फुटत नाही, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. अडचण होते ती उत्तरेला बाहेर पडल्यावर, कारण थोड्याच अंतरात अमरसन्स उद्यानाजवळ आणि मग हाजी अलीला रस्ते फुटतात आणि नकाशा अजून जागा शोधत असतो. १९८१ च्या होंडाची युक्ती इथे पुन्हा उपयोगी पडते. महागड्या सेटमध्ये जायरोस्कोप असतो आणि गाडीच्या वेगाची वायर जोडायची सोय असते. उपग्रह दिसेनासे झाले, की यंत्र वळण आणि अंतर मोजत ठिपका स्वतःच पुढे नेते. फिटर ही वेगाची वायर बहुधा जोडत नाहीत, कारण ती शोधायला वेळ लागतो. ज्या गिऱ्हाइकाने या सोयीचे पैसे मोजलेत, त्याने ती जोडून घ्यावीच. जे. जे. उड्डाणपुलासारख्या ठिकाणी, जिथे वरचा रस्ता आणि खालचा मोहम्मद अली रोड एकावर एक आहेत, तिथे मात्र कोणताही सेट फसू शकतो. जीपीएसची उंची सांगण्यातली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते.

खोक्यावर ग्लोनास, बैदू, गॅलिलिओ अशी नावे दिसली तर चांगलेच. रशिया, चीन आणि युरोप यांच्या उपग्रहांचाही संकेत घेतला, की उंच इमारतींच्या गर्दीत चार उपग्रह दिसण्याची शक्यता वाढते. इस्रोची नाविक यंत्रणा भारतासाठीच आहे, पण तिचा संकेत ऐकणारी चिप आत असल्याशिवाय त्या नावाचा उपयोग नाही. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविक, जीपीएस वापरते त्याच एल-१ पट्ट्यातही संकेत पाठवू लागले, त्यामुळे साध्या यंत्रांनाही तो घेणे सोपे होत जाईल.

जागा अचूक कळली, तरी नकाशा चुकीचा असेल तर काय होते याची उदाहरणे क्लेशकारक आहेत. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी मध्यरात्रीनंतर अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्यात गेली. नकाशाने दाखवलेल्या वाटेवरचा पूल पाणी सोडल्यावर बुडतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि नकाशाला नव्हते. चालकाचा मृत्यू झाला, सोबतचे दोघे पोहून वाचले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या, पुराने पुढचा भाग वाहून गेलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. नकाशात तो पूल अखंड होता. दोन्ही घटना फोनवरच्या, ताज्या समजल्या जाणाऱ्या नकाशाच्या आहेत. तीन-चार वर्षे न बदललेल्या कार्डावरच्या नकाशाची कल्पना त्यावरून करावी. महाराष्ट्रात पावसाळ्यात साकव आणि कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात आणि घाट दरडींमुळे बंद होतात. रात्रीच्या वेळी, अनोळखी आडरस्त्यावर, पुढे पाणी दिसत असताना पडद्याचे ऐकायचे नाही, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर ठसायला हवे.

यंत्र जुने झाले की काय होते, तेही पाहावे. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत लिहितात, म्हणजे १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले. आतले सॉफ्टवेअर वेळेवर सुधारले नाही, तर यंत्र जवळजवळ वीस वर्षे मागे जाते. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांतल्या नेव्हिगेशनच्या घड्याळांत अचानक २००२ साल दिसू लागले, ते याच जातीच्या मोजणीच्या घोटाळ्याने. म्हणून ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर मागच्या दोन-तीन वर्षांतल्या मॉडेलांसाठीही सॉफ्टवेअरची सुधारणा दिसत नाही, तिचा सेट कितीही देखणा असला तरी टाळलेला बरा.

आता रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती. बिननावाच्या सेटमध्ये ‘सेटिंग्ज’च्या पानावर दिसणारा आकडा विश्वासाचा नसतो. तो मजकूर बदलून ठेवणे कारखान्यात सहज जमते आणि तसे सर्रास केलेही जाते. पानावर ‘अँड्रॉइड १३’ लिहिलेले असते आणि आत दहावी आवृत्ती निघते. तपासायची पद्धत अवघड नाही. दुकानातच फोनचा हॉटस्पॉट देऊन यंत्राची माहिती सांगणारे एखादे ॲप उतरवावे आणि ‘एपीआय लेव्हल’ हा आकडा पाहावा. अँड्रॉइड १० साठी तो २९ असतो, १३ साठी ३३. पानावर १३ आणि ॲपमध्ये २९ दिसले, तर दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही, खोके परत ठेवावे. रॅम किमान ४ जीबी असावी, कारण नकाशा, गाणे आणि रिव्हर्स कॅमेरा हे तिन्ही एकदम चालताना २ जीबीचा सेट अडखळतो. आणि कॅमेऱ्याचे चित्र रिव्हर्स गिअर टाकल्यावर तीन सेकंदांनी उमटत असेल, तर तेवढ्यात गाडी भिंतीला लागते. स्टिरिओ बंद करून, पुन्हा सुरू करून, लगेच रिव्हर्स टाकून पाहावे. ही परीक्षा दुकानदार आपण होऊन दाखवत नाही.

पडदा भर दुपारी पाहावा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे झळाळतात. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी रंग धरून ठेवतो, आणि चालक तर पडद्याकडे नेहमी बाजूनेच पाहत असतो.

नकाशाच्या नादात स्टिरिओ हा मुळात आवाजासाठी आहे, हे विसरू नये. खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असे लिहिलेले असते. हा आकडा कुठून येतो, ते पाहण्यासारखे आहे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकर ४ ओहमचा. स्टिरिओतला ॲम्प्लिफायर हा दाब पुरा वापरून शुद्ध सूर वाजवतो, तेव्हा प्रत्येक स्पीकरला गणिताने जास्तीत जास्त २६ वॉट जातात, आणि प्रत्यक्षात वीस-बावीस. आवाज इतका वाढवला, की सुरांच्या लहरींचे शेंडे कापले जाऊन त्या चौकोनी झाल्या, तरच १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२ वॉट येतात. खोक्यावरचा ५० चा आकडा या फाटलेल्या आवाजाचा असतो. म्हणजे पन्नासवाला सेट पंचेचाळीसवाल्यापेक्षा जोरात वाजेल, असे मुळीच नाही. पाहायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या शक्तीचा. अमेरिकेच्या ‘सीटीए-२००६’ या मानकानुसार दिलेला असेल तर तो १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्याहून जास्त विकृती नाही, अशा अटींवर मोजलेला असतो आणि दोन कंपन्यांची तुलना करता येते. ज्या खोक्यावर १०० वॉट × ४ लिहिले आहे, त्याच्या मागचा फ्यूज पाहावा. तो १० किंवा १५ अँपिअरचा असेल, तर तेवढी वीज त्या सेटमध्ये शिरूच शकत नाही. चारशे वॉट बाहेर काढायला तीस अँपिअरहून अधिक लागतील.

बसवण्याचे काम निम्म्या खरेदीएवढे महत्त्वाचे आहे. डॅशबोर्डातल्या खोबणीचे माप जर्मन मानकावरून आले. एक डिन म्हणजे सुमारे १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन म्हणजे १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी २०० मिलिमीटर असते आणि बाजूला फटी राहतात. नऊ-दहा इंची पडदे कोणत्याच खोबणीत बसत नाहीत. त्यांना त्या-त्या गाडीची फ्रेम लागते आणि ती हलक्या प्लॅस्टिकची असली, तर खराब रस्त्यावर दोन महिन्यांत कुरकुरू लागते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कपलर, म्हणजे वायरी न कापता स्टिरिओ जोडून देणारा प्लग. गाडीच्या मूळ वायरी कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळणारा फिटर आजही सापडतो. उन्हात टेपचा चिकटपणा जातो, वायर उघडी पडते आणि मग फ्यूज उडण्यापासून आगीपर्यंत काहीही होऊ शकते. शिवाय कापलेली वायर दिसली, की कंपनी विजेच्या दुरुस्तीची वॉरंटी नाकारते. आपल्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो, तो काही शे रुपयांचाच असतो. तो नसेल तर काम पुढे ढकलावे, पण कात्री लावू देऊ नये. वायरींच्या रंगांची एक साधारण रीत आहे: पिवळी बॅटरीची, लाल इग्निशनची, काळी अर्थिंगची. पिवळी आणि लाल उलटसुलट झाल्या, की किल्ली काढताच घड्याळ, स्टेशने आणि आवाजाची सगळी जुळणी पुसली जाते. दोन्ही एकत्र बॅटरीला जोडल्या तर सेट झोपतच नाही. मारुतीच्या छोट्या गाड्यांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. बंद गाडीत २० मिलिअँपिअर खाणारा सेट महिन्याला साधारण १४ अँपिअर-तास पितो, हे चालण्यासारखे आहे. १०० मिलिअँपिअर खाणारा सेट मात्र दोन आठवड्यांत बॅटरी रिकामी करतो. गाडी बंद करून अर्ध्या तासाने मल्टिमीटर लावून हा आकडा मोजणे फिटरला दहा मिनिटांचे काम आहे.

नव्या गाड्यांत आणखी एक गुंता असतो. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन बस’ ही दळणवळणाची पद्धत आता जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. स्टेअरिंगवरची बटणे, रिव्हर्स सेन्सरची चित्रे, काही गाड्यांत एसीची मांडणीसुद्धा त्याच तारांवरून मूळ पडद्यावर येते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले आणि अनेक मॉडेलांत त्यांची चित्रे किंवा आवाज मूळ स्टिरिओवाटेच येतात. तो काढला की सेन्सर असूनही मुका होतो. या तारांवरचे संदेश नव्या स्टिरिओला उलगडून देणारा योग्य डीकोडर मिळाला तरच ही सोय टिकते. ज्या गाडीच्या मूळ पडद्यावर गाडीच्याच सेटिंग्ज आहेत, तिच्या मालकाने तो बदलू नये. मूळ पडद्याला कारप्लेची जोड देणारी पेटी मिळत असेल तर ती घ्यावी, नाहीतर डॅशबोर्डवर चांगला मोबाइल होल्डर लावावा.

होल्डर लावणाऱ्याने कायदाही ठाऊक करून घ्यावा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातले उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येते, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. कॉल आणि मेसेज यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड आणि कैदही होऊ शकते. स्टिरिओच्या मागे हँडब्रेकची एक वायर असते. गाडी चालू असताना समोर व्हिडिओ दिसू नये, यासाठी ती आहे. बरेच फिटर न विचारताच ती थेट अर्थिंगला जोडून मोकळे होतात. गिऱ्हाइकाने ती हँडब्रेकलाच जोडायला सांगावी. ताशी शंभरने द्रुतगती मार्गावर चाललेली गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. पडद्यावरच्या दृश्याकडे दोन सेकंद नजर वळली, तर तेवढ्यात पन्नास मीटरहून अधिक रस्ता न पाहताच मागे पडतो. ठिकाण गाडी उभी असताना घालावे आणि नंतर आवाजावर चालावे. गूगल मॅप्स मराठीतही वाट सांगते, आणि २०२१ पासून ठिकाणांची नावे देवनागरीत दाखवणेही सुधारले आहे. घरातल्या ज्येष्ठ चालकासाठी हे करून द्यावे.

एवढे सगळे पाहून बहुतेकांसाठी निवड काय? ज्यांचे रोजचे येणे-जाणे शहरात आणि महामार्गावर आहे, त्यांनी त्याच पैशांत मोठ्या पडद्याचा बिननावाचा अँड्रॉइड सेट घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा सात इंची, कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो चालणारा, बाहेरच्या जीपीएस अँटेनाचा सेट घ्यावा आणि फोनमध्ये नकाशे उतरवून ठेवावेत. ज्यांची गाडी वेगवेगळे चालक चालवतात, म्हणजे भाड्याच्या गाडीवाले किंवा छोट्या संस्था, त्यांना स्वतःचे सिम असलेला ४ जीबीचा अँड्रॉइड सेट जास्त सोयीचा पडेल, कारण तो कोणाच्या फोनवर अवलंबून राहत नाही. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या आत वारंवार जाणाऱ्यांनी उतरवलेल्या नकाशांचे ॲप तर ठेवावेच, शिवाय वेगाची वायर आणि जायरोस्कोप असलेला सेट परवडत असेल तर तो पाहावा.

पैसे देताना बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा. गाडी कंपनीने न दिलेले विजेचे जोडसामान विमा पॉलिसीत आपोआप धरले जात नाही. विमा कंपनीला किंमत कळवून, थोडा जादा हप्ता भरून त्याची वेगळी नोंद करावी लागते, नाहीतर चोरी किंवा अपघातानंतर स्टिरिओचे पैसे मिळत नाहीत. काढलेला मूळ स्टिरिओ, त्याची फ्रेम आणि स्क्रू दुकानात सोडू नयेत. सर्व्हिस सेंटरला वॉरंटीच्या कामासाठी मूळ जोडणी पाहायची असते, आणि गाडी विकताना बऱ्याच खरेदीदारांना कंपनीचाच सेट हवा असतो.